गॅरेज नाही आणि सहा महिने बोटीवर जातोय, दोन बाईक रत्नागिरीत सुरक्षित कुठे ठेवू?

खलाशी०८:

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला कोण देणार, म्हणून लिहितो. मी मर्चंट नेव्हीत आहे, मेच्या शेवटच्या आठवड्यात जॉइनिंग आहे, कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं, म्हणजे येईन तो दिवाळी उलटून गेल्यावरच. घरी आई, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. मारुती मंदिरच्या बाजूला भाड्याचा फ्लॅट आहे, दुसरा मजला. खाली स्टिल्ट पार्किंग आहे पण भाडेकरूला एकच टू-व्हीलर लावायची परवानगी, तिथे बायकोची स्कूटर लागते. माझ्या दोन गाड्या मागच्या कंपाउंडला भिंतीला लागून उघड्यावर उभ्या असतात.

एक १९९४ ची यामाहा आरएक्स हंड्रेड, बाबांची. दुसरी रॉयल एनफिल्डची क्लासिक साडेतीनशे, बीएस-६ मधली. बाबा जाऊन चार वर्षं झाली. आरएक्सच्या टाकीच्या मागच्या टोकाला त्यांच्या पट्ट्याच्या बक्कलने घासून रंग उडालाय, तेवढा डाग मी रंगकाम करतानासुद्धा तसाच ठेवून घेतलाय. त्यामुळे 'विकून टाक' हा सल्ला प्लीज देऊ नका.

मागच्या कॉन्ट्रॅक्टला जाताना दोन्ही गाड्यांवर निळी ताडपत्री टाकून, दोरीने गच्च बांधून गेलो होतो. परत येऊन सोडली तर ताडपत्रीच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकत होतं, सीटवर हिरवी-पांढरी बुरशी, रिमला गंज, टाकीचं झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च मारला तर आत सगळं नारिंगी. त्यात आरएक्सच्या हँडल लॉकमध्ये कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालून पिरगाळलेला. गाडी नेली नाही एवढंच नशीब.

आता माझ्यापुढे तीन जागा आहेत. एक, गावचं घर, गणपतीपुळ्याच्या अलीकडे, पण ते समुद्रापासून दोनशे मीटरवर आणि वर्षभर बंद. दोन, मामेभावाचा चिपळूण बाजारपेठेतला रिकामा गाळा, पक्कं शटर आहे. तीन, रेल्वे स्टेशनचं पार्किंग. यातलं काय करू, की अजून काही मार्ग आहे? भाडं द्यायची तयारी आहे.

चिपळूणवाला:

दादा, बाजारपेठेतला गाळा आत्ताच्या आत्ता डोक्यातून काढा. मी तिथलाच, म्हणून हक्काने सांगतोय. २२ जुलै २०२१ ला माझी गाडी अशाच गाळ्यात होती, शटर बंद, वर दोन कुलपं, मला वाटायचं यापेक्षा सेफ जागा चिपळुणात नाही. वाशिष्ठीचं पाणी असं चढलं की गाळ्यापर्यंत जायलाच मिळालं नाही, आम्ही वरच्या मजल्यावरून नुसतं बघत होतो. पाणी उतरल्यावर चिखल उपसून शटर वर केलं तर गाडी आडवी पडलेली आणि हेडलाइटच्या काचेत अर्ध्यापर्यंत गढूळ पाणी, हात लावला की आतल्या आत हलत होतं. ते अजून डोळ्यासमोर आहे.

शेजारच्याने घाईघाईत त्याच्या गाडीचं बटण मारलं आणि इंजिनच गेलं, कारण सिलिंडरमध्ये पाणी असलं की ते हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. मी हात लावला नाही, तशीच टेम्पोत घालून मेकॅनिककडे नेली. त्याने ऑइल काढलं तर दूध जास्त झालेल्या चहासारखं. तीनदा ऑइल बदलून, वायरिंग सगळं नवीन घालून गाडी वाचली.

आणि हे काही एकदाच झालेलं नाही, २००५ च्या जुलैतही बाजारपेठ बुडाली होती. राजापूरला जवाहर चौकात, खेडला जगबुडीकाठी, सगळीकडे तीच कथा. तेव्हा कोकणात गाडी ठेवायची जागा बघताना आधी पाणी कुठवर येतं ते विचारायचं, कुलूप किती मोठं ते नंतर. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल.

पावस_बागायत:

मी पावसकडचा, हापूसची बाग आहे. तुमचा प्रश्न वाचून बायकोला वाचून दाखवला कारण आमच्याकडे दोन वर्षं हेच चाललंय.

बघा, आंब्याची पॅकिंग शेड आम्हाला मार्च ते मे लागते. पेट्या, क्रेट, अढी, माणसं, पाय ठेवायला जागा नसते. मृग लागायच्या आत आंबा संपतो आणि शेड थेट पुढच्या सीझनपर्यंत रिकामी. म्हणजे तुम्हाला जागा हवी असते नेमकी तेव्हाच आमची मोकळी असते. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, खाली कोबा, वारा खेळायला दोन्ही बाजूला जाळ्या (आंब्याला हवा लागते म्हणून ठेवलेल्या, त्याच गाडीलाही उपयोगी पडतात), जोतं दोन फूट उंच आणि घर समोरच, त्यामुळे माणसाचा डोळा असतो. गेल्या वर्षी एका आर्मीवाल्याची गाडी ठेवली होती, महिना पाचशे घेतले, ते पण त्यानेच आग्रह केला म्हणून.

रत्नागिरीच्या आसपास, नाचणे, गोळप, पावस, कुठेही बागायतदाराला विचारा. ओळखीतून जा. फक्त दोन गोष्टी बघून घ्या. काही लोक पुढच्या वर्षीच्या पेट्यांसाठी पेंढा तिथेच भरून ठेवतात, पेंढा म्हणजे उंदीर आलेच आणि आगीची पण भीती, तशी शेड नको. आणि शेडमध्ये सगळ्यांची ये-जा असेल, किल्ली चार जणांकडे असेल तर तीही नको.

तुमचं गावचं घर मात्र मला अजिबात पटत नाही. दोनशे मीटरवर खारं वारं थेट घरात येतं, ज्या घरात रोज केर काढला जात नाही तिथे तर खिडकीच्या गजाचे सुद्धा पापुद्रे निघतात. बंद घरावर लक्ष ठेवायला कोण आहे?

खलाशी०८:

वा, ही शेडची आयडिया डोक्यातच आली नव्हती. बायकोची मावशी गोळपला असते, त्यांच्या शेजाऱ्यांची बाग आहे. आजच फोन करतो. चिपळूणवाला, तुमचं वाचून पोटात गोळा आला, मामेभावाला पण पाठवलं, तो म्हणाला 'खरंय रे, मीच बोलायला नको होतं'.

पण समजा शेड मिळाली, तरी कुलूप-साखळीचं काय? आणि सहा महिने बंद ठेवताना गाडीला काय काय करायचं? बायको म्हणते ती दर रविवारी जाऊन पाच मिनिटं चालू करून येईल.

जुना_मेकॅनिक:

वहिनींना सांगा पाच मिनिटं चालू करू नका. मी पंचवीस वर्षं गाड्या खोलतोय, हा गैरसमज सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलाय. इंजिन जळताना पाण्याची वाफ तयार होते, पाच मिनिटात सायलेन्सर पुरता तापत नाही, ती वाफ आतच पाणी होऊन बसते आणि सायलेन्सर आतून सडतो. स्टार्टरने बॅटरीची जेवढी ताकद खाल्ली तेवढी पाच मिनिटात भरून निघत नाही ते वेगळंच. एक तर अर्धा तास रस्त्यावर नीट चालवा नाहीतर हातच लावू नका.

आता तुमच्या दोन गाड्या दोन जातीच्या आहेत, एकच औषध चालणार नाही.

आरएक्सला कार्बोरेटर आहे. आधी गोड्या पाण्याने धुवा, कोरडी करा, उन्हात दोन तास ठेवा, मडगार्डच्या आतल्या कडेला आणि स्पोकच्या मुळाशी मीठ बसलेलं असतं तिथे बोट घालून धुवा. मग पेट्रोल कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सोडून उरलेलं काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते आपल्या हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकात, चिकट साठतं. प्लग काढून दोन चमचे टूटी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलबरोबर जळतं ते) आत सोडा, इग्निशन बंद ठेवून चार-पाच किक हळू मारा, प्लग परत लावा. रिंग चिकटणार नाहीत.

क्लासिकला फ्युएल पंप टाकीत असतो, ती कोरडी ठेवू नका. टाकी वरपर्यंत भरा, म्हणजे आत हवा कमी आणि गंज कमी. ऑइल जुनं असेल तर जायच्या आधी बदला, परत आल्यावर नाही, जुन्या ऑइलमधली आम्लं सहा महिने आत बसतात.

बॅटरी दोन्हीच्या काढा. काळी वायर म्हणजे निगेटिव्ह आधी सोडायची, लावताना ती शेवटी. बॅटरी घरी ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा, मीटर असेल तर १२.४ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. दोन्ही गाड्या मेन स्टँडवर. स्टँडखाली फळी ठेवतात लोक, तिला वाळवी लागते आणि मग ती गाडीच्या सीटपर्यंत चढते, त्यापेक्षा शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. चेनला ग्रीस, बाकी उघड्या लोखंडावर पातळ ऑइलचा हात. डिस्कला आणि ब्रेकच्या लायनरला तेलाचा थेंब लागता कामा नये.

सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा आणि त्याला लाल रिबीन बांधून बाहेर सोडा, परत येऊन चालू करताना ती दिसली पाहिजे. बोळा नसेल तर कुंभारीण माशी मातीचं घर करते, मी चिमट्याने काढलीयेत. आणि ताडपत्री तुमची शत्रू आहे. जुनी सुती चादर घाला, बस. छपराखाली प्लॅस्टिक कशाला हवं? तुमच्या ताडपत्रीतून जे ठिबकत होतं तो पाऊस नव्हता, जमिनीतला ओलावा वर येऊन अडकला होता.

पावस_बागायत:

मेकॅनिकदादा, बाकी सगळं मान्य पण टाकी फुल्ल भरून ती आमच्यासारख्याच्या शेडमध्ये सहा महिने? माझी तर तयारी नसते. आर्मीवाल्याला मी पेट्रोल काढूनच आण म्हटलं होतं. पत्र्याखाली ऊन आलं की वास येतो, मुलं असतात घरात.

जुना_मेकॅनिक:

तुमचं बरोबर आहे, जागा तुमची तर भीती पण तुमचीच. मग असं करू, आरएक्सची टाकी पूर्ण रिकामी करून आत शंभर मिली टूटी ऑइल ओतायचं, टाकी काढून हातात धरून चारी बाजूंनी फिरवायची, आतून पातळ थर बसतो आणि गंज लागत नाही. तिला शेडमध्ये ठेवा. आणि क्लासिक शेडमध्ये ठेवूच नका, ती चालती ठेवा. घरातला कोणी भाऊ, मेहुणा, लायसन्सवाला, जो पंधरा दिवसांनी तिच्यावर अर्धा तास फिरेल, असा शोधा. मग तिची बॅटरी पण काढायला नको. चालती गाडी चालती राहणं हेच तिचं स्टोरेज.

दोडामार्गाक:

मी सिंधुदुर्गातला, आमच्याकडे मांगर, म्हणजे गवत-सामान ठेवायची शेड, असतो घराच्या बाजूला, त्यातच ठेवतो. आवशीन (आईनं) पहिल्या दिवशी सांगल्यान, 'गाडी मांगरात घाल, पण गवतापासून लांब ठेव'. उंदरासाठी डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधून सीटखाली आणि हेडलाइटच्या मागे ठेवतो, महिन्याने बदलायच्या कारण उडून जातात. हँडलखाली वायरिंगचा जो जुडगा येतो तिथेच त्यांचं पहिलं घर.

आणि एक, माड. कंपाउंडमध्ये माड असेल तर त्याच्या खाली गाडी लावू नका, झापाखाली पण नाही. नारळ तर आहेच, पण वादळात सुकलेलं चुडत खाली येतं ते सुद्धा टाकीला खड्डा पाडतं. २०२१ च्या तौक्तेत आमच्या वाडीत तीन गाड्या अशाच गेल्या.

चोरीचा_अनुभव:

मी उशिरा आलो पण साखळीचं कुणीच बोललं नाही, आणि त्यावर बोलायला माझ्याकडे वाईट अनुभव आहे. माझी गाडी स्टिल्टमधूनच गेली, हँडल लॉक होतं, बाकी काही नव्हतं. पहाटे टेम्पो आला, चौघांनी उचलली असणार, सीसीटीव्ही बंद. हँडल लॉक म्हणजे चालवून नेणाऱ्यासाठी, उचलून नेणाऱ्याला त्याचं काही नाही. आरएक्सला तर मागणी फार आहे, पार्टसाठी सुद्धा.

साखळी जाड, कठीण पोलादाची घ्या, ती मागच्या चाकातून आणि फ्रेममधून काढून जमिनीतल्या हुकाला. साखळी जमिनीवर लोळत ठेवायची नाही, जमिनीचा आधार मिळाला की कटरचा एक हात खाली टेकवून पूर्ण वजन टाकता येतं, ताणून वर उचललेली हवी. आणि आता कोकणातली मुख्य गोष्ट, हुक चिऱ्यात मारू नका. मी मारला होता, फास्टनर घट्ट केला तर चिरा भुसभुशीत होऊन भोक मोठं झालं आणि हाताने उपटून आला. जांभा तो, विटेपेक्षाही मऊ कधी कधी. दीड फूट खड्डा करून त्यात सोळा मिलीच्या सळईचा यू, पाय दोन्ही बाजूला वाकवून, काँक्रीट भरा, चार-पाच दिवस पाणी मारा. शेडवाल्यांना विचारून अर्थात, त्यांचा कोबा फोडावा लागेल. कुलूप पितळी घ्या, लोखंडी आपल्याकडे एका पावसात जाम.

विम्याचं पण सांगतो. नवीन टू-व्हीलर घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी २०१८ पासून सक्तीने मिळतो, आणि लोक समजतात पाच वर्षं विमा आहे. तो समोरच्याच्या नुकसानीचा. चोरी आणि पूर यासाठी ओन डॅमेज लागतो आणि तो बहुतेकांचा पहिल्या वर्षीनंतर संपलेला असतो. तुमच्या क्लासिकचा बघा, जुलै-ऑगस्टमध्ये संपत असेल तर जायच्या आधीच रिन्यू करून जा, नव्वद दिवसांच्या वर खंड पडला की नो क्लेम बोनसही जातो. पाणी शिरून इंजिन गेलं तर त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन वेगळा घ्यावा लागतो.

क्लेमला मला विमा कंपनीने दोन्ही किल्ल्या मागितल्या. एक हरवलेली होती, तिच्यासाठी आठ महिने चकरा मारल्या. एफआयआर त्याच दिवशी केली म्हणून टिकलो, शेवटी पोलिसांची ए फायनल, म्हणजे चोरी खरी पण तपास लागला नाही असा अहवाल, मिळाली तेव्हा पैसे आले. तेव्हा दुसरी किल्ली बोटीवर घेऊन जाऊ नका, घरी वहिनींकडे ठेवा, आरसी आणि पॉलिसीच्या झेरॉक्सबरोबर. आणि गाडीचा चेसिस नंबर, इंजिन नंबर, बक्कलच्या त्या डागाचा फोटो, सगळं मोबाइलमध्ये. गाडी सापडली तर तो डागच ओळखीला कामी येईल.

खलाशी०८:

डागाचं वाचून थांबलो जरा. फोटो काढला आत्ताच.

अपडेट देतो. गोळपला जागा मिळाली. शेड जांभ्याची, जोतं चांगलं अडीच फूट, ओहोळ बराच खाली आहे, त्यांच्या आजींनी सांगितलं तौक्तेतही पाणी पायरीला लागलं नव्हतं. पेंढा नाही, क्रेट आहेत फक्त. किल्ली एकच, ती घरातल्या काकूंकडे. भाडं म्हणून महिना सहाशे ठरलं, काका नको नको म्हणत होते, पण मी म्हटलं काका घ्या, नाहीतर मला बोलायला तोंड राहणार नाही. साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या: कोणाची गाडी, नंबर, कधीपासून कधीपर्यंत, टाकी रिकामी आहे, किल्ली माझ्या घरी आहे. बायकोने त्याचा फोटो मावशीला पण पाठवला.

कोबा फोडायला काका लगेच तयार झाले, उलट म्हणाले दोन हुक करूया, एक आमच्या पॉवर टिलरला होईल. काल काँक्रीट भरलं.

क्लासिकचं मेकॅनिकदादांनी सांगितलं तसं, मेहुणा कुवारबावला राहतो, त्याच्या बिल्डिंगला बंद पार्किंग आहे, तो पंधरा दिवसांनी पावसला स्वामींच्या दर्शनाला जातोच, तिच्यावरून जाईल. पॉलिसी काढून बघितली आणि खरंच, ओन डॅमेज फेब्रुवारीतच संपलेला होता. मला पत्ता नव्हता. उद्या एजंट गाडी बघायला येतोय.

एकच राहिलं. आरएक्सच्या टाकीत ऑइल फिरवायचंय पण आत आधीच नारिंगी गंज आहे, तो तसाच ठेवून वर ऑइल चालेल का?

जुना_मेकॅनिक:

नाही, आधी गंज काढा. टाकी उतरवा, कॉक काढून भोकाला बूच मारा, मूठभर छोटे नट आणि लिटरभर डिझेल आत घालून झाकण लावा आणि अर्धा तास खळखळवा. नटांना दोऱ्यात ओवून घ्या म्हणजे एकही आत राहणार नाही. घाण ओतून टाका, पुन्हा स्वच्छ डिझेल, पाणी स्वच्छ निघतं तसं ते निघेपर्यंत. मग उन्हात वाळवा आणि त्याच दिवशी ऑइल फिरवा, रात्रभर तशीच ठेवलीत तर सकाळी पुन्हा नारिंगी दिसेल. टाकीला बाहेरून जाड गोधडी गुंडाळून खळखळवा, बाबांच्या डागाच्या बाजूला ओरखडा नको पडायला. एकट्याला जमत नसेल तर शनिवारी दुपारनंतर घेऊन या, दोघं मिळून करू.